मुलांमुलांतील छळ आणि त्याचा प्रतिबंध : एका शाळेकडून केंद्रातील सर्व शाळांकडे

हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागल्या, म्हणजे आपण त्याची कारणे ठरावीक ठिकाणी शोधतो. शेतीची कामे निघाली असतील, घरी धाकटे भावंड सांभाळावे लागत असेल, आईबाप ऊसतोडीला गेले असतील, किंवा मूल आजारी असेल. ही कारणे पुष्कळदा खरीच असतात. परंतु आणखी एक कारण असे आहे की, मूल ते घरी सांगत नाही, शाळेत सांगत नाही आणि खोदून विचारले तर पोट दुखते एवढेच म्हणते. त्याला शाळेतील मुलांची भीती वाटत असते. वाटेत कोणी दप्तर ओढून घेते, नळावर पाणी पिऊ देत नाही, खेळात घेत नाही, आडनावावरून किंवा बोलीवरून रोज तेच शब्द ऐकवते. अशा मुलाला शाळा म्हणजे ज्ञानमंदिर वाटेल, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

हा प्रकार कोणत्या शाळेत नाही, असे छातीवर हात ठेवून कोणीही म्हणू शकणार नाही. एखादा जागरूक शिक्षक आपल्या वर्गापुरता त्याचा बंदोबस्तही करतो. परंतु त्या शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर ती जागरूकताही जाते, आणि शेजारच्या वाडीवरील शाळेला तर तिचा पत्ताच नसतो. यास्तव प्रश्न असा आहे की, एका शाळेत जे साधते ते सर्व शाळांत कसे न्यावे आणि नेल्यावर ते टिकावे कसे. या प्रश्नाचा विचार काही देशांनी आणि आपल्या देशातील एका जिल्ह्याने पद्धतशीरपणे केला आहे. त्यांचे अनुभव पाहून आपल्या केंद्रापुरती योजना कशी आखता येईल, हे या लेखात सांगावयाचे आहे.

छळ कशास म्हणावे

आपल्या भाषेत खोडी, भांडण आणि छळ हे तीन शब्द वेगवेगळे आहेत, आणि हा भेद शिक्षकाने मनात पक्का ठेवावयास हवा. खोडी ही क्षणाची असते व तीत पुष्कळदा दोघेही हसतात. भांडण हे बरोबरीच्या दोघांत होते. आज झाले, उद्या मिटले. छळाची लक्षणे याहून निराळी आहेत. एक, तो जाणूनबुजून केलेला असतो. दोन, तो पुनःपुन्हा होतो. तीन, ज्याचा छळ होतो त्याला स्वतःचा बचाव करणे कठीण असते, कारण समोरचा बळाने, वयाने, संख्येने किंवा प्रतिष्ठेने वरचढ असतो. बर्गेन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी मांडलेली हीच तीन लक्षणे आज जगभर प्रमाण मानली जातात.

तिसरे लक्षण आपल्या परिस्थितीत विशेष लक्षात घ्यावयास हवे. वरचढपणा नेहमी दंडाच्या बळाचाच असतो असे नाही. गावात ज्याच्या घराला मान आहे त्याचा मुलगा अंगाने किरकोळ असला, तरी वर्गात बलवान ठरतो. ज्याची बोली वेगळी, ज्याचे पाल गावाबाहेर, ज्याची जात लोकांच्या तोंडी शिवी म्हणून येते, तो अंगापिंडाने दणकट असूनही दुबळा ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. त्यांना वर्गात इतरांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तो तुकडा रोज घरी न्यावा लागे. आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. त्या छळात केवळ मुलेच नव्हेत, तर शाळेची सारी व्यवस्थाच सामील होती. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु आपल्या शाळेतील पाण्याच्या टाकीपाशी, पोषण आहाराच्या पंगतीत आणि खेळाच्या गड्यांच्या वाटणीत तिचा अंश उरला आहे काय, हे पाहण्याचे काम अखेर वर्गशिक्षकाचेच आहे.

बघ्यांचे महत्त्व

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच मुले उभी राहतात : एक मारणारा आणि एक मार खाणारा. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे चित्र अपुरे असल्याचे दाखवून दिले. छळाच्या प्रसंगी जवळजवळ सारा वर्गच कोणत्या ना कोणत्या भूमिकेत असतो. काही मुले दांडगाई करणाऱ्यास हात देतात. काही स्वतः काही करीत नाहीत, पण हसून व टाळ्या पिटून त्याला चेव आणतात. पुष्कळशी मुले तेथून बाजूला होतात किंवा मुकाट्याने पाहत राहतात. आणि थोडी मुले त्रास सोसणाऱ्याची बाजू घेतात.

या निरीक्षणातून शिक्षकाला एक मोठा उपयोगी धडा मिळतो. दांडगाई करणाऱ्या मुलाचा स्वभाव पालटणे हे दीर्घकाळचे काम आहे. ज्याचा छळ होतो त्याला एका महिन्यात धीट बनविणेही सोपे नाही. परंतु भोवतालच्या वीस मुलांचे हसणे थांबविणे हे त्या मानाने सुकर आहे. दांडगाई ही पुष्कळ वेळा प्रेक्षकांसाठी केलेली असते. प्रेक्षक उठून गेले की तमाशा फार वेळ चालत नाही. यास्तव प्रतिबंधाचा मुख्य रोख बघ्यांवर असावा.

नॉर्वे : पुस्तिका एक, फळे दोन

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षे वयाच्या तीन मुलग्यांनी आत्महत्या केली. सोबत्यांनी केलेला तीव्र छळ हे त्यामागील कारण असावे, असे दिसून आले. सारा देश हादरला, आणि १९८३ च्या शरद ऋतूत तेथील शिक्षण मंत्रालयाने देशभर छळप्रतिबंधाची मोहीम सुरू केली. शाळांसाठी शिक्षकांची एक बत्तीस पानी पुस्तिका, पालकांसाठी चार पानी पत्रक, एक लहानसा बोलपट आणि मुलांनी नाव न लिहिता भरावयाची प्रश्नावली, असे साहित्य तयार करण्यात आले.

या मोहिमेचे परिणाम दोन ठिकाणी निरनिराळ्या अभ्यासकांनी तपासले. बर्गेन येथे ओल्व्हेयस यांनी ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांचा मागोवा घेतला. आठ महिन्यांनी आणि पुन्हा वीस महिन्यांनी पाहिले असता छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेले आढळले. शेजारच्या रोगालांड जिल्ह्यात एर्लिंग रोलांड यांनी तीन वर्षांनंतर पाहणी केली. तेथे एकंदर घट दिसली नाही. मुलग्यांत तर छळ किंचित वाढलेलाच होता. मात्र ज्या शाळांनी ते साहित्य मनावर घेऊन वापरले होते, त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती.

साहित्य मूलतः एकच असता फळ वेगळे का आले? बर्गेनच्या शाळांचे अभ्यासकांशी सतत जाणे-येणे होते. प्रत्येक शाळेला तिच्याच मुलांनी दिलेली उत्तरे शिक्षकांच्या सभेत समजावून देण्यात आली. आपल्या शाळेतील शंभर मुलांपैकी इतकी मुले भीत भीत शाळेत येतात, हा आकडा शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिला. रोगालांडमध्ये साहित्य शाळांपर्यंत पोचले, पण पुढे ते मुख्यतः शाळांच्याच हवाली राहिले. पुस्तिका शाळेत पोचणे निराळे आणि काम शाळेत पोचणे निराळे, हा फरक या दोन अनुभवांतून स्पष्ट होतो. आपण हातात धरलेली ही पुस्तिकाही त्या नियमाला अपवाद नाही.

फिनलंड : प्रसार होताना काय पातळ होते

फिनलंडच्या शिक्षण मंत्रालयाने २००६ साली तुर्कू विद्यापीठाकडे अशाच एका कार्यक्रमाची आखणी सोपविली. त्याचे ‘किवा’ हे नाव ‘छळाविरुद्ध’ या अर्थाच्या फिनिश शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छान’ असाही होतो. या कार्यक्रमाची दोन अंगे आहेत. पहिले अंग सर्व मुलांसाठी आहे. वर्गशिक्षक वर्षभर ठरावीक तासांना संवाद, नाट्यप्रवेश व गटकार्य घेतो, आणि त्यांचा भर बघ्यांनी कैवारी कसे व्हावे यावर असतो. दुसरे अंग घडलेल्या प्रसंगांसाठी आहे. प्रत्येक शाळेत तीन प्रौढांचा एक गट नेमलेला असतो. तो त्रास सोसणाऱ्या मुलाशी आणि त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळे बोलतो व काही दिवसांनी पुन्हा भेटून खात्री करून घेतो. शिवाय वर्गशिक्षक वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशा दोन ते चार मुलांना विश्वासात घेऊन, त्या एकट्या पडलेल्या मुलाला आधार देण्यास सांगतो.

या देशाने प्रसाराचा क्रम विचारपूर्वक ठरविला. प्रथम २००७ ते २००९ या काळात २३४ शाळांत कार्यक्रमाची कसोटी घेण्यात आली. काही शाळांत तो सुरू केला, काहींत तूर्त केला नाही, आणि दोहोंची तुलना केली. तो उपयोगी ठरल्यावर २००९ पासून देशभर खुला केला. पहिल्याच वर्षी ८८८ शाळा आणि सुमारे दीड लाख मुले त्यात आली. या विस्तारातही छळ करणाऱ्यांचे व सोसणाऱ्यांचे प्रमाण घटले, परंतु ती घट साधारण १५ टक्के, म्हणजे कसोटीच्या काळातील घटीहून कमी होती.

ही गोष्ट निराश होण्याची नव्हे, समजून घेण्याची आहे. ताक वाढविण्यासाठी पाणी घातले की ते पातळ होते. कार्यक्रमाचेही तसेच आहे. शाळा वाढल्या की प्रत्येक शाळेमागे मिळणारे मार्गदर्शन कमी होते, काही तास गाळले जातात, काही भेटी राहून जातात. यास्तव प्रसाराची योजना करताना किती शाळांनी नोंद केली, यापेक्षा प्रत्येक शाळेत किती तास प्रत्यक्ष झाले, हे अधिक काळजीने पाहावयास हवे. २००९ साली अशा ४४ कार्यक्रमांच्या मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात सरासरीने छळ करणे २० ते २३ टक्क्यांनी व छळ सोसणे १७ ते २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दीर्घकाळ व नेटाने चाललेले कार्यक्रम, पालकांच्या सभा आणि मैदानावरील देखरेख यांच्याशी चांगल्या फलाचा संबंध आढळला.

नालंदा : काम कोणाच्या हाती

परदेशातील उदाहरणे ऐकून, ‘त्यांच्याकडे माणसे आहेत, पैसा आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. म्हणून आपल्याच देशातील एक अनुभव सांगतो. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने २०१५–१६ या वर्षी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शासकीय माध्यमिक शाळांत मुलांच्या आरोग्याचा व शाळेतील वातावरणाचा एक कार्यक्रम कसोटीला लावला. प्रार्थनेच्या वेळी बोलणे, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट, स्पर्धा, आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणे, असे त्याचे साधे स्वरूप होते. काही शाळांत हे काम त्याच कामासाठी नेमलेल्या व शिकविलेल्या पदवीधर व्यक्तीकडे दिले. काही शाळांत तेच काम तेथीलच एका शिक्षकाकडे सोपविले. उरलेल्या शाळांत ते केले नाही.

वर्षअखेरीस पाहिले तेव्हा पहिल्या गटातील शाळांचे वातावरण पुष्कळ सुधारले होते. छळ कमी झाला होता आणि मुलांच्या मनाची उदासीनताही घटली होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसही हा फरक टिकून राहिला. परंतु जेथे काम शिक्षकाकडे दिले होते, तेथे काहीच न केलेल्या शाळांहून वेगळे फळ दिसले नाही.

शिक्षकवर्गाला हे वाचून वाईट वाटेल. तथापि याचा अर्थ शिक्षक अपात्र आहेत असा करू नये. ज्याच्या शिरावर अध्यापन, परीक्षा, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि माहितीची पत्रके आहेत, त्याच्या ओझ्यावर वेळ न देता आणखी एक गाठोडे ठेवले तर ते घसरणारच. दुसरीही एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. जो आपल्याला गुण देतो आणि शिक्षा करतो त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलाला कठीण जाते. या दोन्ही अडचणींची तरतूद योजनेतच करावयास हवी. ज्याला काम द्यावयाचे त्याला वेळही द्यावयाचा, हे प्रसाराचे पहिले कलम समजावे.

आपल्या केंद्रासाठी योजना

आपल्या पुष्कळ शाळा द्विशिक्षकी आहेत. तेथे तिघांचा गट नेमणे शक्य नाही. म्हणून शाळेऐवजी केंद्र हे योजनेचे एकक धरावे. समजा, एका केंद्रात अकरा शाळा व सहाशे मुले आहेत. केंद्रप्रमुखांच्या समवेत तीन शिक्षकांचा एक गट करावा. त्यात किमान एक शिक्षिका असावी. या तिघांना महिन्यातून ठरावीक वेळ या कामासाठी मोकळा मिळावा, आणि तेवढ्या वेळापुरते त्यांचे अन्य लेखी काम दुसऱ्याकडे द्यावे. नवी समिती स्थापण्याची आवश्यकता नाही. शाळा व्यवस्थापन समिती प्रत्येक शाळेत आहे, आणि २०२२ पासून सखी सावित्री समितीचीही तरतूद आहे. त्यांच्याच बैठकीत हा विषय घ्यावा.

वर्षाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

जून–जुलै : विचारणे. तिसरीपासून वरच्या मुलांना चार-पाच सोप्या प्रश्नांची पत्रिका द्यावी. गेल्या दोन महिन्यांत शाळेत किंवा वाटेत तुला कोणी पुनःपुन्हा त्रास दिला काय? किती वेळा? कोठे? तू कोणाला सांगितलेस? तू स्वतः कोणाला त्रास दिलास काय? उत्तरे खुणेने द्यावयाची असावीत, म्हणजे अक्षरावरून मूल ओळखू येणार नाही. महिन्यातून दोन-तीन वेळा किंवा अधिक त्रास झाला असे म्हणणाऱ्या मुलांची संख्या मोजावी. लहान मुलांना शाळेचा साधा नकाशा द्यावा आणि जेथे भीती वाटते तेथे लाल ठिपका काढण्यास सांगावे. पटावर अठराच मुले असलेल्या शाळेत नाव न लिहूनही मूल ओळखले जाते. म्हणून या पत्रिका शेजारच्या शाळेतील शिक्षकाने येऊन भरून घ्याव्यात आणि बेरीज केंद्राच्या पातळीवर करावी.

ऑगस्ट : पाहणे व ठरविणे. आलेले आकडे शिक्षण परिषदेत सर्वांपुढे ठेवावेत. यात कोणत्याही शाळेला क्रमांक देऊ नये व कोणास दोष देऊ नये. क्रमांक लागला की पुढच्या वर्षी खरे उत्तर मिळणार नाही. लाल ठिपके कोठे पडले ते पाहून देखरेखीची जागा ठरवावी. मधल्या सुट्टीत शिक्षक कार्यालयात बसतात आणि छळ शौचालयामागे किंवा नळापाशी होतो, असे आढळले तर शिक्षकाची खुर्ची तेथे न्यावी. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

सप्टेंबर : नियम. प्रत्येक वर्गाने तीन-चार नियम स्वतःच्या शब्दांत करावेत. ‘आम्ही कोणास छळणार नाही. छळ होत असेल तर हसणार नाही. एकट्या पडलेल्याला खेळात घेऊ. दिसले तर गुरुजींना किंवा बाईंना सांगू.’ सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हे मुलांना समजावून द्यावे. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी. दुसऱ्याचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत. हा भेद मुलांना उदाहरणांनी चटकन कळतो.

ऑक्टोबर ते मार्च : महिन्याचा तास. दरमहा निदान एक पूर्ण तास या विषयास द्यावा. त्यात उपदेश कमी व कृती अधिक असावी. एक छोटा प्रसंग मुलांनी करून दाखवावा, आणि बघ्याच्या भूमिकेतील मुलाने काय करावयास हवे होते याची चर्चा व्हावी. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९०० साली त्याच दिवशी डॉ. आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. शाळेच्या दारातील भेदभावाविषयी बोलण्यास याहून योग्य दिवस नाही. मात्र एका दिवसाच्या भाषणाने काम झाले, असे समजू नये.

एप्रिल : पुन्हा विचारणे. जूनमधील तीच पत्रिका, त्याच शब्दांत पुन्हा द्यावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

एकाच वर्षी साऱ्या तालुक्यात योजना लादण्यापेक्षा पहिल्या वर्षी एका केंद्रात ती करावी. दुसऱ्या वर्षी त्या केंद्रातील अनुभवी शिक्षकांनी शेजारच्या दोन केंद्रांत जावे, तेथे सोबत बसून पहिला तास घ्यावा. परिपत्रक टपालाने जाऊ शकते. हातोटी माणसाबरोबरच जाते.

प्रसंग हाताळताना

छळाची तक्रार आली म्हणजे दोघांना वर्गापुढे उभे करून हात मिळवावयास लावणे, ही आपली जुनी रीत आहे. भांडणात ती चालेल. छळात ती चालत नाही, कारण तेथे दोघे बरोबरीचे नसतात. दुबळ्या मुलाला सर्वांसमोर बोलावयास लावणे म्हणजे त्याच्या त्रासात भर घालणे होय. आधी त्याच्याशी एकांतात बोलावे आणि त्याचे सारे ऐकून घ्यावे. नंतर त्रास देणाऱ्यांना एकेक करून, परस्परांशी बोलण्याची संधी न देता भेटावे. ‘हे आजपासून थांबले पाहिजे’ असे शांतपणे व निश्चयाने सांगावे, आणि ते थांबविण्यासाठी तू काय करशील, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. दोन आठवड्यांनी पुन्हा दोघांनाही भेटावे. ही दुसरी भेट पुष्कळदा विसरली जाते, आणि तेथेच सारे मुसळ केरात जाते.

त्रास देणाऱ्या मुलाला छडीने मारून प्रश्न सुटत नाही. बळकटाने दुबळ्याला मारावे, हाच धडा त्याला पुन्हा मिळतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. ते कलम आपल्यावर बंधन म्हणून पाहू नये, या कामाचा पाया म्हणून पाहावे. शिक्षकाने एखाद्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हटले तर तो शब्द मधल्या सुट्टीत साऱ्या मैदानावर पोचतो, हे आपण सर्व जाणतो. दांडगाई करणारे मूलही अखेर आपलेच विद्यार्थी आहे. त्याच्या घरची स्थितीही जाणून घ्यावी.

काही प्रसंग मात्र शाळेत मिटविण्याचे नसतात. गंभीर इजा झाली असेल, मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर त्याच दिवशी पालकांना व वरिष्ठांना कळवावे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. ‘गावाची अब्रू’ ही सबब तेथे चालत नाही.

आकडा वाढला तर घाबरू नये

शेवटी एक सावधगिरीची सूचना. योजना सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतात. जी मुले आजवर गप्प होती ती बोलू लागतात. अशा वेळी अधिकाऱ्यांनी त्या शाळेला जाब विचारला, तर सर्व शाळा एक गोष्ट ताबडतोब शिकतील : शून्य लिहावे म्हणजे झाले. मग कागदावर छळ संपेल आणि नळापाशी तो चालू राहील. यास्तव तपासणीस येणाऱ्यांनी तक्रारी किती आल्या हे न विचारता, आलेल्या तक्रारींचे पुढे काय केले आणि दुसरी भेट झाली काय, हे विचारावे. ज्या शाळेत तक्रारच नाही तेथे अधिक वेळ थांबावे.

प्रस्तुत योजनेचे यश मोजण्याची एक साधी कसोटी आहे. वर्षाअखेरीस हजेरीपट उघडावा आणि जूनमध्ये ज्या मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा दाटल्या होत्या, त्यांची नावे काढावीत. त्यांतील कारणे निरनिराळी असतील, आणि सर्वांवर आपला इलाज चालणार नाही. परंतु पोट दुखते असे सांगून घरी राहणारे एक जरी मूल आता मधल्या सुट्टीत इतरांबरोबर खेळताना दिसले, तर त्या शाळेतील शिक्षकांनी वर्षभर नळापाशी टाकलेली खुर्ची सार्थकी लागली असे समजावे. ती खुर्ची पुढल्या जूनमध्येही तेथेच असेल, शिक्षक बदलला तरी असेल, आणि शेजारच्या शाळेतही असेल, अशी व्यवस्था करणे हेच प्रसाराचे खरे काम आहे.